आयुष्यभर देव मानला नाही. आता वडील अतिदक्षता विभागात असताना हात जोडावेसे वाटतात. हा स्वार्थीपणा आहे का? आणि प्रार्थना नेमकी कशी करावी?

नाही. स्वार्थीपणा नाही. आणि तसं तुम्हाला कोणी म्हणालं असेल, तर त्या माणसाचं ऐकू नका. मला हे वाक्य सख्ख्या मोठ्या भावाने ऐकवलं होतं. ते अजून मनातून गेलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

१९ जुलै २००९. ठाण्यात माझी मुलगी जन्मली, अठ्ठाविसाव्या आठवड्यात. वजन एक हजार वीस ग्रॅम. मी तेव्हा वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर होतो. किलोभर वजनाचे जॉब, म्हणजे घडवायचे धातूचे तुकडे, दिवसभर हातातून जायचे, त्यामुळे हजार ग्रॅम म्हणजे किती, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तीन दिवसांनी, २२ जुलैला, सूर्यग्रहण होतं. नातेवाइकांनी लगेच त्याच्याशी संबंध जोडला आणि माझ्या बायकोला विचारलं, "काही चिरलं-बिरलं होतंस का?" मूल ग्रहणाच्या आधी जन्मलंय, एवढं तरी बघायचं! असली माणसं संकटात जवळ येऊ देऊ नका.

देवाशी माझं बोलणं १९९५पासून बंद होतं. बाबांच्या आजारपणात आईने सोळा सोमवार धरले, दादा अनवाणी टिटवाळ्याला जाऊन आला, आणि बाबा गेलेच. मी वीस वर्षांचा होतो. तेराव्यानंतर देवघराकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. लग्नही नोंदणी पद्धतीने केलं.

तर अशा माणसाला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं सोडायचे. कोपरापर्यंत हात धुवायचे, गाऊन घालायचा आणि बाळाला ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीजवळ उभं राहायचं. हात लावायचा नाही. नाकाला हवेच्या दाबाची नळी, नाभीतून सलाईन, तोंडातून दुधाची नळी. दूध दर दोन तासांनी एक मिली. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले की हृदयाजवळची एक वाहिनी जन्मानंतर बंद व्हायला हवी, ती उघडीच आहे, औषध देऊन बघू. मी मान हलवली, पेटीकडे वळलो आणि तोंडातून आपोआप निघालं, "शिरो मे राघवः पातु."

रामरक्षा. दिवेलागणीला शुभंकरोती झालं की आई आमच्याकडून म्हणवून घ्यायची. आम्ही भिंतीला टेकून, अर्धं लक्ष स्वयंपाकघराकडे. किती वर्षांत म्हटली नव्हती! आणि लहानपणी कधी लक्षातच आलं नव्हतं की तिचा मधला भाग म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाचं नाव घेऊन मागितलेलं रक्षण आहे. मी पेटीतल्या त्या जिवाकडे बघत एकेक म्हणत गेलो. "कौसल्येयो दृशौ पातु", डोळे. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा बिघडू शकतो, चार आठवड्यांनी तपासायचं होतं. "विश्वामित्रप्रियः श्रुती", कान. काही अँटिबायोटिकांनी ऐकू येण्यावर परिणाम होऊ शकतो, असं सांगितलेलं. "हृदयं जामदग्न्यजित्" इथे मी थांबलो, पुन्हा म्हटलं, परत म्हटलं. "नाभिं जाम्बवदाश्रयः", तिथे तर ती सलाईनची नळीच होती. शेवटी "पादौ". श्वास घ्यायला विसरली की मॉनिटर वाजायचा आणि सिस्टर तिच्या तळपायाला बोटाने टिचकी मारायची. की पुन्हा छाती हलायची. फुप्फुसांचं नाव मात्र त्या कवचात कुठे नाही. म्हणून ते मी माझ्या मराठीत जोडलं: हिचा श्वास राख.

"मे" म्हणजे माझं. तिच्यासाठी म्हणताना तिथे काय म्हणायचं कळेना. माझं असंच राहू दिलं.

२७ जुलैला पहिला श्रावणी सोमवार. संध्याकाळी दहा मिनिटं संपल्यावर पायच मासुंदा तलावाकडे वळले. लहानपणी बाबा आम्हाला श्रावणात कोपिनेश्वरला आणायचे. पाऊस, बेलाची पानं, जांभळी नाक्यापर्यंत गर्दी. मी आत गेलो नाही, चपला घालून बाहेरच उभा राहिलो आणि तिथूनच हात जोडले. दादा दर्शन घेऊन बाहेर येत होता. त्याने पाहिलं. मला वाटलं खांद्यावर हात ठेवेल. तो म्हणाला, "चौदा वर्षं पायरी चढला नाहीस. आता गरज पडली म्हणून आलास? ही भक्ती नाही, हा व्यवहार आहे. देव काय नोकर आहे तुझा?"

मी काही बोललो नाही. त्या वर्षी त्याच्या घरी गणपतीलाही गेलो नाही. पण उत्तर शोधत राहिलो आणि ते त्याच्याच रोजच्या पाठात सापडलं. गीतेचा सातवा अध्याय, सोळावा श्लोक. चार प्रकारचे लोक मला भजतात, असं कृष्ण सांगतो: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. पहिलं नाव आर्ताचं, म्हणजे पीडा झाली म्हणून धावत आलेल्याचं. आणि त्या चौघांनाही तो एकच विशेषण लावतो, "सुकृतिनः", पुण्यवान. दादा म्हणेल, पुढे ज्ञानी सर्वांत श्रेष्ठ म्हटलंय. म्हटलंय, मान्य. पण त्याच अध्यायातल्या अठराव्या श्लोकाची सुरुवात "उदाराः सर्व एवैते" अशी आहे, हे सगळेच थोर. आर्ताला दारातून परत पाठवा, असं कृष्ण कुठेही म्हणत नाही. ते काम माणसं करतात.

आणि गरजेपोटी केलेली गोष्ट खोटी, हे कुणी ठरवलं? मुलगी जरा स्थिरावल्यावर तिला आमच्या उघड्या छातीवर ठेवायला लागले, त्याला कांगारू म्हणतात. ही पद्धत १९७८च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉक्टरांनी सुरू केली, ती पेट्या कमी पडत होत्या म्हणून. निव्वळ नाइलाजातून. तिने किती मुलं जगली! ती छातीवर असताना मी तासभर हळू आवाजात रामरक्षा म्हणायचो. सिस्टर एकदा म्हणाल्या, "म्हणा, म्हणा. तुमचा आवाज असला की तिचे ठोके एकसारखे राहतात." याचा अर्थ देव पावला असा मी तेव्हाही लावला नाही.

कारण शेजारच्या पेटीतलं बाळ चौदाव्या दिवशी गेलं. त्याची आई दिवसभर बाहेरच्या बाकावर जपमाळ घेऊन बसायची. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त श्रद्धेची बाई. माझी मुलगी बावन्नाव्या दिवशी घरी आली, आता अकरावीत आहे, जाड चष्मा आहे, बाकी ठणठणीत. यात माझी प्रार्थना चालली आणि तिची नाही, असं जो म्हणेल त्याच्याशी मला बोलायचं नाही. म्हणून "फरक पडतो का" हे विचारत असाल, तर मुलीच्या बाबतीत मी सांगू शकत नाही. माझ्या बाबतीत पडला. त्या पेटीजवळ उभं राहायला पाय मिळाले. डॉक्टर बोलत असताना शेवटपर्यंत ऐकता आलं, सही करताना हात थरथरला नाही.

आता कशी करावी. खरं तर नियम नाही. नवस बोलू नका, माझं स्पष्ट मत आहे. वडील बरे नाही झाले तर तो नवस आयुष्यभर डोक्यावर बसतो. बाबांच्या वेळी दादाचं तेच झालं, हे मला फार उशिरा समजलं. त्याने अनवाणी चालून मागितलं होतं आणि मिळालं नव्हतं, तरी तो देवाला धरून राहिला. आणि मी न चालता हात जोडले. कदाचित त्याचा राग तिथला असेल. हेही सांगायला हवं, की हॉस्पिटलच्या बिलातले साठ हजार त्यानेच भरले, आणि आजवर परत मागितलेले नाहीत. पण त्या संध्याकाळचं वाक्यही त्याने परत घेतलेलं नाही, आणि ते चूकच होतं.

औषधं अर्थातच थांबवायची नाहीत. अंगारा, ताईत, कुणी सुचवलेला बाबा, कशालाही पैसे द्यायचे नाहीत. आत काही न्यायचं तर आधी सिस्टरला विचारा.

वडील शुद्धीवर असतील तर त्यांना विचारा, लहानपणी त्यांच्या घरी संध्याकाळी काय म्हणायचे. सांगतील त्यातलं जेवढं येत असेल, तेवढं त्यांच्या कानाशी म्हणा. मध्ये अडकलात तर बहुतेक तेच पुढचं म्हणतील.