हितसंबंध आणि गृहनिर्माण संस्थेची समिती : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरून इमारतींच्या दुरुस्तीची कामे निघाली की एकाच गोंधळाची पत्रे माझ्याकडे येऊ लागतात : समिती सदस्याने स्वतः किंवा त्याच्या नातेवाईकाने संस्थेचे काम घ्यावे का? त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तर देत आहे.

प्रश्न : आमचे सचिव स्वतःच्या दुकानातून संस्थेला दिवे पुरवतात, पण नफा घेत नाहीत. हे चालेल का?

नाही. नफा नसला तरी तो संस्थेशी केलेला व्यवहारच आहे आणि आदर्श उपविधींना, म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या नमुना नियमांना, तो मान्य नाही.

प्रश्न : रंगकामाचे कंत्राट खजिनदारांच्या मेव्हण्याला मिळाले. तीन दरपत्रकांत त्याचाच दर सर्वांत कमी होता. मग आक्षेप कशाला?

दरपत्रके कोणी मागवली, कामाचा तपशील तिघांना सारखाच दिला होता का आणि पाकिटे कोणासमोर उघडली, हे कळल्याशिवाय त्या कमी दराला मी काहीच किंमत देत नाही. उरलेली दोन दरपत्रके त्याच ठेकेदाराने आणून दिल्याचे मी अनेक फायलींत पाहिले आहे. त्यांत प्रायमर, रंगाचे हात, परांची यांचा उल्लेख नसतो आणि काम सुरू झाले की ‘जादा काम’ म्हणून बिले वाढत जातात. अशा बिलावर हरकत घेण्याची जबाबदारी खजिनदारांची, आणि येथे ते ठेकेदाराचेच आप्त आहेत. त्यांनी हे नाते समितीला लेखी कळवावे, विषय निघताच सभेतून बाहेर जावे आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. मेव्हण्याच्या व्यवसायात त्यांची भागीदारी असेल, तर प्रश्न त्यांच्या अपात्रतेपर्यंत जाऊ शकतो; त्यासाठी कागदपत्रे घेऊन सहकार कायद्याच्या वकिलांना भेटा.

प्रश्न : सर्वसाधारण सभेने मान्यता दिली तर अध्यक्षांचा पुतण्या पुनर्विकासाचा विकासक होऊ शकतो, असे व्हॉट्सॲपवर वाचले. खरे आहे का?

असल्या मजकुरावर विसंबून कोट्यवधींची मालमत्ता कोणाच्या हाती देऊ नका. समिती सदस्य विकासक किंवा विकासकाचा नातेवाईक नसावा, हे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालील ३ जानेवारी २००९ च्या शासकीय निर्देशांतच सांगितले होते. ४ जुलै २०१९ चे सुधारित निर्देशही मुळातून वाचा आणि ठरावापूर्वी सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात विचारा.

प्रश्न : गैरव्यवहाराचा संशय आहे. पुढच्या वार्षिक सभेपर्यंत थांबावे का?

थांबू नका, कारण तोवर अंतिम बिलही चुकते झालेले असते. इतिवृत्त, दरपत्रके आणि बिले यांच्या प्रती आजच लेखी अर्जाने मागा व पोच घ्या. समितीने टाळाटाळ केल्यास त्या पोचेसह उपनिबंधकांकडे जा. मात्र कोणावर लेखी आरोप करण्यापूर्वी मसुदा वकिलांकडून तपासून घ्या.