सड्यावरच्या चिरेखाणीत कचरा टाकणार म्हणतात, खालच्या विहिरीचं काय?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडतो. रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव, वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, सड्यावर आठ-दहा वर्षं चालून बंद पडलेली तीन एकरांची चिरेखाण, म्हणजे बांधकामाचे जांभ्याचे चिरे काढायची खाण. शेजारची नगरपंचायत ती मालकाकडून घेऊन तिथे कचरा टाकायचा म्हणतेय. खाली उतारावर तुमची वाडी, चाळीसेक घरं, एक बारमाही झरा आणि नळपाणी योजनेची विहीर, खाणीच्या कडेपासून अंदाजे १५० मीटरवर. ऑगस्ट २०२४ मध्ये ग्रामपंचायतीला पत्र आलं, सोबत कन्सल्टंटचा अठरा पानी रिपोर्ट, त्यात म्हटलंय की मे महिन्यात पाहणी केली तेव्हा खाण कोरडी होती, तळाला चिकणमाती आहे, सबब भूजलाला धोका नाही. तुम्ही मुंबईत कांजूरला राहता (म्हणजे डंपिंगचा वास काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको), वडील गावी. तालुक्याचे वकीलसाहेब म्हणतात दिवाणी कोर्टातून मनाई आणू, सरपंच म्हणतात आधी सुरू तर होऊ दे, पाणी बिघडलं तर बघू, आणि तुम्ही विचारताय नक्की करायचं काय.

सरपंचांचं ऐकू नका. त्यांचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही, पण कचरा पडायला लागल्यावर पाणी बिघडलं तर ते कचऱ्यानेच बिघडलं हे सिद्ध करणं फार कठीण जातं, समोरचा वकील उभा राहून म्हणतो की वाडीत प्रत्येकाच्या संडासाचे शोषखड्डे आहेत, गुरांचे गोठे आहेत, आंब्याच्या बागेत खतं पडतात, नायट्रेट त्याचं असेल, आणि तुमच्याकडे आधीचा एकही रिपोर्ट नसला की तुम्ही गप्प. तेव्हा तुमच्या प्रकरणात कोर्टाच्या आधी विहीर येते. आत्ता, पाऊस सरतोय तोवरच काय ते मोजून घ्या.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की गणपतीला गावी गेलो तेव्हा पोरं खाणीत पोहत होती आणि तुमच्या भाच्याने व्हिडिओ काढलाय. अहो, तुमच्या अख्ख्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे! ते पत्र आलं तेव्हा लागू असलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत लिहिलंय की भूजलाची सर्वात वरची पातळी ही लँडफिलच्या, म्हणजे कचरा भरायच्या खड्ड्याच्या, तळाशी जो मातीचा थर घालायचा त्याच्याही किमान २ मीटर खाली असली पाहिजे. शब्द नीट बघा, सर्वात वरची. कन्सल्टंट गेला मे महिन्यात, कोकणात मे महिन्यात कुठल्या सड्यावर पाणी दिसतं सांगा, तेव्हा तर माणसं टँकरची वाट बघत असतात. त्याने सर्वात खालची पातळी बघितली आणि निष्कर्ष सर्वात वरच्या पातळीचा काढला. अठरा पानांतली ही एक चूक एवढी मोठी आहे की बाकीची सतरा पानं मी एकदाच चाळली.

यावर ते म्हणतील की सप्टेंबरमधलं पाणी भूजल नाहीच, खड्ड्यात साचलेला पाऊस आहे. म्हणू देत. जांभा दगड तुम्ही लहानपणापासून बघताय, चिरा हातात घेतला तर त्यात नळ्या आणि भोकं दिसतात, पाऊस त्यातून सरळ खाली जातो आणि जांभ्याच्या खाली जी शेडी लागते ना, ती पांढरट-तांबूस चिकट माती, तिच्यावर येऊन अडतो. आता कन्सल्टंट म्हणतो शेडी पाणी अडवते म्हणून धोका नाही. शेडी पाणी अडवते हे खरंच आहे. पण अडलेलं पाणी जातं कुठे? ते शेडीच्या अंगावरून आडवं सरकत उताराला जातं आणि जिथे जांभा संपून शेडी उघडी पडते तिथे झरा म्हणून बाहेर येतं, तुमच्या वाडीचा बारमाही झरा बहुतेक तिथलाच, विहीरही त्याच ओळीत खोदलेली असणार. म्हणजे खाणीत साचतंय ते भूजल असेल तर २ मीटरच्या अटीत प्रस्ताव मोडतो आणि पाऊस असेल तर तो शेडीवरून तुमच्याच झऱ्यात येतो, त्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत. तरी फरक कळावा म्हणून सांगतो, पाऊस थांबल्यावर आठ-दहा दिवस खाणीतल्या पाण्याची पातळी रोज बघा आणि भिंतीतून पाणी पाझरताना दिसतंय का त्याचे फोटो काढा, कारण भिंतीतून पाझरणारं पाणी आभाळातून पडलेलं नाही हे न्यायाधीशांना समजायला तज्ज्ञ लागत नाही.

भिंतींवरून आठवलं. नियमात अस्तर फक्त तळाला नाही, भिंतींनाही लागतं. तळाला किमान १.५ मिलिमीटर जाडीचा एचडीपीईचा (जाड प्लास्टिकचा) पडदा आणि त्याच्याखाली ९० सेंटिमीटर माती, आणि ती माती कशी, तर तिची पाझरक्षमता सेकंदाला सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागाहून जास्त नको, म्हणजे ढोबळमानाने वर्षाला तीनेक सेंटिमीटर. तुमच्या रिपोर्टात 'चिकणमाती आढळली' एवढंच आहे, किती ठिकाणी खणून बघितली, थर किती जाड, पाझर किती निघाला, एक आकडा नाही. चिरे काढायच्या मशीनने त्या खाणीत तळ कुठे कुठे शेडीत गेलाय आणि कुठे जांभाच शिल्लक आहे हे खाणीवर काम केलेले लोक सांगतील, दोघं-तिघं अजून गावात असतील तर त्यांचं म्हणणं लिहून घ्या. आणि चिरेखाणीच्या भिंती करवतीने कापलेल्या, भिंतीसारख्या उभ्या, त्यावर हा पडदा ताणून बसवून मागे माती दाबायची कशी हे त्या अठरा पानांत कुठेही नाही. मला तरी वाटतं की भिंतींचा प्रश्नच त्यांच्या डोक्यात आलेला नाही.

पावसाचा हिशोब मी कागदावर केला. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो, ३००० च धरला तरी एका एकरावर सव्वा कोटी लिटरच्या आसपास, तीन एकरांच्या खड्ड्यात साडेतीन कोटी लिटरच्या वर, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेतीन हजारांहून जास्त टँकर. यातलं बरंचसं कचऱ्यातून मुरून निघणार, त्या काळ्या पाण्याला लीचेट म्हणतात, ते उपसून कुठे नेणार आणि त्यावर प्रक्रिया कोण करणार हे विचारा.

आता अंतर. त्याच अनुसूचीत लँडफिल नदीपासून १०० मीटर आणि तळं, वस्ती, हायवे, पाणीपुरवठ्याची विहीर यांपासून २०० मीटर लांब पाहिजे असं आहे. तुमची विहीर १५० वर म्हणजे वरवर बघता केस इथेच संपली. पण माझा अनुभव वेगळा आहे, अशा वेळी प्रस्तावाची कडा मागे जाते, तीन एकरांऐवजी दोनच घेतो म्हणतात आणि कागदावर अंतर २०५ होतं. त्यामुळे भूमि अभिलेखकडे मोजणी लावा, पण सगळी भिस्त मीटरवर ठेवू नका, पाणी २०५ मीटरही चालत जातं.

वकीलसाहेबांचा मान ठेवून सांगतो, मनाईचा दिवाणी दावा इथे टिकणार नाही, हरित न्यायाधिकरण कायदा २०१० च्या कलम २९ ने अशा वादात दिवाणी कोर्टाला अधिकारच ठेवलेला नाही. खाणीकडे जाणारा रस्ता तुमच्या सर्व्हे नंबरातून जात असेल आणि त्या वहिवाटीचा वाद असेल तर तो वेगळा, तो खुशाल दिवाणीत लढा. मुख्य अर्ज पुण्याच्या एनजीटीत, म्हणजे याच हरित न्यायाधिकरणात, कलम १४ खाली, आणि तिथे मुदत वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिने, वर फार तर ६० दिवस सवलत. ऑगस्टच्या पत्रापासून घड्याळ सुरू झालंय असंच धरून चला, म्हणजे फेब्रुवारी. नुकसानभरपाई मागत नसाल तर कोर्ट फी १००० रुपये आहे, महागडा वकील करायला पैसे साठवत बसू नका, त्यापेक्षा एखादा चांगला भूजलतज्ज्ञ गाठून त्याच्याकडून चार पानं लिहून घ्या.

कायद्याची बाजू तुमच्याकडून बरीच भक्कम आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात 'प्रवाह' या शब्दाच्या व्याख्येत जमिनीखालचं पाणीही येतं, आणि कलम २४ म्हणतं की प्रवाहात किंवा विहिरीत घाण जाऊ द्यायची नाही. सरपंचांना मात्र सुप्रीम कोर्टाचा १९९९ चा नायडू खटला सांगा, हैदराबादच्या हिमायत सागर आणि उस्मान सागर तलावांजवळ एक कारखाना यायचा होता, आलेला नव्हता, यायचा होता, आणि कोर्टाने म्हटलं की जी परिस्थिती आहे ती ज्याला बदलायचीय त्याने धोका नाही हे दाखवायचं. म्हणजे 'सुरू होऊ दे मग बघू' याचं उत्तर कोर्टाने पंचवीस वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय. आणि मग बघू म्हटल्यावर काय होतं ते बघायचं तर राजस्थानातलं बिछडी गाव बघा, कारखान्याच्या गाळाने विहिरींचं पाणी रंगीत झालं, १९९६ ला गावकऱ्यांच्या बाजूने निकाल लागला आणि पैशांचा वाद २०११ पर्यंत सुप्रीम कोर्टातच चालू होता. जवळचं पाहिजे तर पुण्याचा कचरा जिथे टाकला गेला त्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीला कुणी नातेवाईक असेल तर त्याला विहिरींचं विचारा.

नगरपंचायत अजून दोन पळवाटा काढेल. एक म्हणजे आमचा कचरा दिवसाला ५ टनांच्या आत आहे म्हणून एमपीसीबीचं (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) ऑथोरायझेशन लागत नाही. आकडा ४.८ दिसला तर आश्चर्य वाटून घेऊ नका, पण टनाचा आकडा काहीही असो, कलम २४ कुठे जात नाही आणि जागेचे निकषही नाहीत. दुसरी म्हणजे पर्यावरण मंजुरी. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांच्या मूल्यांकनाच्या) अधिसूचनेत 'सामाईक' घनकचरा प्रकल्पाला मंजुरी लागते आणि ते म्हणतील आमचा एकट्याचा आहे, सामाईक नाही. हा मुद्दा अर्जात जरूर घ्या पण त्याच्यावर केस उभी करू नका, त्यावर वकिलांचे दोन तट आहेत. बाजूच्या दुसऱ्या नगरपंचायतीचाही कचरा तिथे यायचा असेल तर मात्र गोष्ट बदलली, ते आधी शोधा.

शोधायला आरटीआय. एक अर्ज नगरपंचायतीला, एक एमपीसीबीला, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि आपल्याकडे अर्ज १५० शब्दांत बसवायचा असतो म्हणून इतिहास न लिहिता थेट कागद मागा, डीपीआर (प्रकल्पाचा सविस्तर अहवाल), नगरपंचायतीचा ठराव, मातीच्या चाचण्यांचे आकडे, संमतीसाठी केलेला अर्ज. तहसीलमधून खाणीच्या परवान्याची प्रतही काढा, खड्डा बुजवायची किंवा कुंपणाची अट त्यात असेल आणि मालकाने पाळली नसेल तर ते आपल्याला उपयोगी. एमपीसीबीने संमती देऊन टाकलीय असं निघालं तर मला त्याच दिवशी कळवा, त्याविरुद्ध जलकायद्याच्या कलम २८ खाली अपील आहे आणि त्याला ३० दिवसच मिळतात.

पाण्याचे नमुने. विहीर, झरा आणि खाण, तिन्हीचे, एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमध्ये, टीडीएस, क्लोराइड, नायट्रेट, अमोनिया, सीओडी, लोह, शिसं, ई-कोलाय एवढं तरी हवंच. नमुना ग्रामसेवक आणि दोन पंचांसमोर घेऊन पंचनामा करा, बाटलीवर सह्या, आणि पुन्हा मे महिन्यात तसंच. एमपीसीबीलाही अर्ज द्या की तुम्ही कलम २१ प्रमाणे नमुना घ्या. ते आले नाहीत तरी अर्जाची पोच आपल्याकडे राहते, तीही कामाला येते. भाच्याचा व्हिडिओ फोनमधून डिलीट करू देऊ नका, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली कॉपी नको, मूळ फाइल हवी, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट मी ड्राफ्ट करून पाठवतो, सही त्याची लागेल आणि सोबत तज्ज्ञाचीही.

एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. पत्रात तुम्ही तीनदा लिहिलंय की त्यांचा कचरा आमच्या गावात का. बेंचसमोर हे वाक्य नको. कचरा कुठेतरी जाणारच, आणि तुमच्या गावचे लोकही त्याच नगरपंचायतीच्या बाजारात जाऊन पिशव्या टाकून येतात. त्यापेक्षा असं विचारा की नियमाप्रमाणे लँडफिलमध्ये फक्त निरुपयोगी, न कुजणारा, न जळणारा उरलेला माल जायला पाहिजे, मग ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट तुम्ही आज कुठे करता ते दाखवा. याचं उत्तर सहसा नसतं. ग्रामसभेचा ठरावही याच भाषेत करा, 'विरोध आहे' एवढंच नको, विहिरीचं अंतर, मे महिन्यातली पाहणी, शेडी, भिंती, सगळं कारणांसकट.

आणि आज रात्री बाबांना फोन करा. मोजमापाच्या टेपला दगड बांधून सकाळी पंप सुरू व्हायच्या आधी विहिरीत सोडायचा आणि कठड्यापासून पाणी किती खाली आहे ते वहीत लिहायचं, तारीख, वेळ, सही, एखाद्या शेजाऱ्याचीही सही. खाणीत जायला लावू नका त्यांना, कडा निसरड्या असतात, तिथलं काम भाच्याकडे द्या, एका बांबूवर फुटाच्या खुणा करून तो पाण्यात रोवला की काठावरून फोटो काढता येतो. रोज जमलं नाही तरी दिवसाआड, दिवाळीपर्यंत. वहीची पानं फाडू नका, खाडाखोड झाली तर तशीच राहू दे, आणि दिवाळीला याल तेव्हा झेरॉक्स घेऊन या.