दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर गुडघ्याची घरची काळजी

दुर्बिणीतून केलेली गुडघ्याची शस्त्रक्रिया लहान असली, तरी घरी आल्यावरचे पहिले काही दिवस सूज उतरवण्यासाठीच राखून ठेवावेत, असे मी तुम्हाला आवर्जून सांगेन. पाय छातीपेक्षा उंच ठेवताना उशी नेमकी गुडघ्याखाली सरकवण्याचा मोह होतो, कारण तसे लगेच बरे वाटते. परंतु त्यामुळे गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो आणि पुढे तो पूर्ण सरळ करणे जड जाते, म्हणून उशी पोटरी व टाचेखाली घ्यावी. बर्फ कापडात गुंडाळून एका वेळी 15 ते 20 मिनिटेच लावावा. मांडीचा स्नायू आवळून 5 सेकंद धरण्याचा व्यायाम क्षुल्लक वाटतो खरा, पण गुडघ्याचा आधार त्याच स्नायूवर असतो. एकच कुबडी वापरत असाल, तर ती चांगल्या पायाच्या बाजूला धरावी. अनेकजण नेमके उलट करतात. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा. पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा जखमेतून पू येऊ लागला, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे, आणि अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर थेट रुग्णालय गाठावे.