‘माझं माप चुकलं असेल का?’

आईने पिशवीतून ती पट्टी काढून माझ्या टेबलावर ठेवली. लाल, पिवळी, हिरवी. कागदासारखी पातळ, कडेला चुरगळलेली.

“मॅडम, पोरगी सुट्टीत घरी आली की रातच्याला उठते अन् माह्या नातवाच्या दंडाले हे गुंडाळून पाहते. एकदा नाही, तीन-तीनदा. लेकरू झोपेतून रडत उठते. अन् स्वतः दोन घास खात नाही.”

मुलगी शेजारी मान खाली घालून बसली होती. वय सत्तावीस, वर्ध्याकडची, आहारशास्त्र शिकलेली. दोन वर्षांपासून मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या आतल्या गावांमध्ये कुपोषित मुलांसाठी काम करते. तिच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई बाहेर गेल्यावर ती एवढंच म्हणाली, “माझं माप चुकलं होतं का, तेवढं सांगा.”

मी समुपदेशक, हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. परिचारिका विचारतात, आशाताई विचारतात, रात्रभर बापाच्या उशाशी बसून पहाटे डोळा लागलेला मुलगाही विचारतो. उत्तर लगेच देण्याचा मोह होतो. पण “नाही गं, तुझी काय चूक?” हे तिला घरच्यांनी, मैत्रिणींनी, वरिष्ठांनी आधीच पन्नासदा सांगितलेलं होतं. ऐकून घटकाभर बरं वाटायचं, मग पुन्हा शंका. पट्टीचंही तेच चाललं होतं.

म्हणून ज्या बाळाच्या मापाची तिला शंका होती, त्याच्याबद्दल मी पहिल्या दिवशी विचारलंच नाही. तुझा दिवस कसा जातो ते सांग म्हटलं. ती पाऊण तास बोलत राहिली.

पहाटे साडेपाचला उठायचं, कारण सातनंतर बाया शेतात नाहीतर जंगलात निघून जातात. मग घरी सापडतं ते लेकरू आणि त्याला कडेवर घेतलेली सात-आठ वर्षांची बहीण. गाडी नाल्याच्या अलीकडे लावायची, पुढे पायी. अंगणवाडीत सेविकेसोबत वजन, उंची, दंडाचा घेर. डाव्या हाताचा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण; तिथून साडेबारापर्यंत पिवळा, म्हणजे मध्यम; वर हिरवा. पट्टी ओढली तर आकडा कमी येतो, सैल राहिली तर जास्त. दोन्ही पावलांवर सूज असेल तर आकडा काहीही असो, मूल तीव्र कुपोषित धरायचं. मग घरभेटी. वर्षाच्या बाळाचं पोट वाटीएवढं, त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडंथोडं भरवावं लागतं, आणि आई घरी असते सकाळ-संध्याकाळ. अंगणवाडीतून घरी गेलेलं पाकीट एका लेकराच्या नावचं असतं, पण ते सगळं घर खातं.

“उपाशी घरात बसून, फक्त ह्यालाच भरवा, असं म्हणायला जीभ उचलत नाही मॅडम,” ती म्हणाली. “तरी म्हणावं लागतं.”

संध्याकाळी टेकडीवर जाऊन रेंज शोधायची, मोबाईलमध्ये माहिती भरायची. रात्री खोलीवर खिचडी. हे सांगताना तिचा आवाज स्वच्छ होता. आपलं काम तिला येतं आणि आवडतं, हे मला त्या पाऊण तासात कळलं.

बाळाचं दुसऱ्या भेटीत निघालं. चौदा महिन्यांचा मुलगा. ऑगस्टमध्ये दंड 11.8, म्हणजे पिवळा. नंतर चार दिवस पाऊस, नाल्याला पूर. बाळाला खोकला, ताप. घरच्यांनी आधी भूमकाला, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूला दाखवलं. पाणी ओसरल्यावर दवाखान्यात नेलं, तोवर धाप लागली होती. वाटेतच गेलं. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच: ते 11.8 नव्हतं, 11.4 असेल, माझी पट्टी सैल राहिली असेल.

मी तिला त्या आठवड्याची डायरी आणायला सांगितली. तारखेनुसार दोन रकाने केले. त्या दिवशी काय दिसत होतं, काय माहीत होतं, ते एका बाजूला. नंतर काय कळलं, ते दुसऱ्या बाजूला. दुःखात माणूस हे दोन्ही कालवून टाकतो आणि नंतरचं ज्ञान आधीच्या स्वतःच्या माथी मारतो. तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 11.8, दोनदा मापले, सूज नाही, भूक चांगली, आशाताईंना सांगितले.

पण खाली आणखी एक ओळ होती. पुढची भेट मंगळवारी ठरली होती. मासिक अहवाल द्यायचा म्हणून तिने ती बुधवारवर ढकलली, आणि मंगळवारी रात्री नाला भरला.

ती ओळ वाचून ती थांबली. मीही थांबले. इथे “सोड गं ते” म्हणणारा समुपदेशक खोटं बोलतो, आणि समोरच्याला ते कळतं. मी म्हटलं, “हो, एक दिवस पुढे ढकललास. हे तुझं आहे.” ती पहिल्यांदा मोकळी रडली. तिचं खरं दुखणं त्या मंगळवारात होतं. माप हे त्याचं सोंग होतं.

मग उरलेल्याचा हिशोब मांडला. नाल्यावर पूल नाही. पावसात आजारी लेकराला बाहेर काढायची सोय नाही. कुपोषणात शरीराची झुंजायची ताकद गेलेली असते, म्हणून न्यूमोनिया, हगवण, हिवताप अशा लेकरांना झपाट्याने नेतात. मेळघाटातले बालमृत्यू 1993 मध्ये गाजले, तेव्हा ही मुलगी जन्मलीही नव्हती. एवढ्या सगळ्यात तिच्या वाट्याला येतो तो एक मंगळवार. तो तिने उचलावा, बाकीचं ओझं खाली ठेवावं.

मंगळवारचं काय करायचं, हे तिनेच ठरवलं. आधी घरभेटीच्या यादीत लाल मुलं पहिली असायची. आता पावसाचा अंदाज आला की नाल्यापलीकडची पिवळी मुलं आधी. अहवाल मागे राहिला तर राहो. अपराधीपणाला करायला काही काम मिळालं की तो पोखरणं कमी करतो, असं मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

पट्टीचं मात्र वेगळं करावं लागलं. शंका आली की तपासायचं, तपासलं की सुटल्यासारखं वाटायचं, आणि त्या सुटण्यामुळेच शंका पुढच्या वेळी जास्त जोरात यायची. म्हणून घरी असताना पट्टी गाडीच्या डिकीत. मापायची ओढ आली की दहा मिनिटं थांबायचं, काही न करता. पहिल्या रात्री ती दहा मिनिटं तासासारखी गेली, तिला घाम फुटला. चौथ्या रात्री थांबता थांबता झोप लागली. वहिनीलाही एक सांगितलं: “बघ, हिरव्यातच आहे तो,” असं समजावू नका, “चल, जेवायला बस,” एवढंच म्हणा. जेवण हळूहळू आलं. आधी वरण-भात, मग आईच्या हातची पोळी.

असं कुणाचं होत असेल आणि झोप, जेवण दोन-तीन आठवडे बिघडलेलं असेल, तर ‘आपोआप बरं होईल’ म्हणून बसू नका. जगू नये असं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं.

एक गोष्ट तिने शेवटपर्यंत टाळली होती. बाळ गेल्यापासून ती त्या गल्लीतून जात नव्हती, लांबून वळसा घालायची. दिवाळीनंतर घरंच्या घरं मजुरीला बाहेर पडतात, ती होळीला परततात. जायचं तर त्याआधीच. मी आग्रह केला नाही, तारीख तेवढी विचारली.

नोव्हेंबरात तिचा फोन आला, त्याच टेकडीवरून, मध्येमध्ये तुटत. ती गेली होती. बाळाच्या आईने काही विचारलं नाही, काळा चहा केला. दोघी बराच वेळ चुलीपाशी बसल्या. निघताना त्या आईने मोठ्या मुलीला, चार वर्षांची आहे, हाताला धरून पुढे आणलं. तिची बाही वर सरकवली आणि म्हणाली, “इसको भी देख लो, मॅडम.”

“मग?”

“मापलं. एकदाच.”

आकडा किती आला ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.