मुकी नायिका गाते कशी?

प्रश्न : चेक संगीतकार द्वोर्झाकच्या 'रुसाल्का' ऑपेरातली जलपरी राजपुत्रासाठी माणूस होते, पण वाचा गमावते. मग ती गाते कधी?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ती मुकी होते ती फक्त माणसांपुढे, येझिबाबा चेटकिणीची अटच तशी. दुसऱ्या अंकात, वाड्यातल्या समारंभात, परकी राजकन्या राजपुत्राला भुलवत असते आणि रुसाल्का नुसती बघत उभी. तळ्याचा म्हातारा जलपुरुष वोद्निक भेटतो तेव्हाच तिचा गळा मोकळा होतो. मला तर हे गाणं पहिल्या अंकातल्या प्रसिद्ध चंद्रगीताहून जास्त भिडतं. अर्थात चंद्रगीत ऐकाच, आणि त्याआधीची हार्प या तंतुवाद्याची सुरावट चुकवू नका! १९०१ साली प्रागमध्ये पहिला प्रयोग झाला. विष्णुदास भाव्यांच्या सांगलीत नाट्यपदांवर वाढलेल्यांना गाण्यातून पुढे सरकणारं नाटक अवघड नाही. शेवटी राजपुत्र मरण ठाऊक असूनही तिचं चुंबन मागतो. तोवर उठू नका.