पंखा काढा, जातं राहू द्या

प्रश्न : आजीनं जात्यावर दळता दळता म्हटलेली आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) अहिराणी गाणी मी मोबाइलवर रेकॉर्ड केली. छताचा पंखा चालू होता, म्हणून ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये नॉइज रिडक्शन (मागचा गोंगाट कमी करणारा इफेक्ट) लावलं. आता आजी हंड्यात तोंड घालून गातेय असं वाटतं. त्याच फाइलवर पुन्हा लावलं, तर आणखी बिघडलं. मूळ फाइल मोबाइलवर आहे. काय करू?
– एक शिक्षिका, तालुका पारोळा

उत्तर : ताई, मूळ फाइल आहे म्हणजे काहीच गेलेलं नाही. तिची कॉपी घ्या आणि पहिल्यापासून सुरू करा. कापलेल्या आवाजावर तोच इफेक्ट पुन्हा लावला की उरलेलंही जातं.

हा इफेक्ट आवाजाचे उंच-नीच स्वरांप्रमाणे बारीक पट्टे पाडतो आणि ज्या पट्ट्यातला आवाज पंख्याच्या नमुन्याइतका हलका असेल तो दाबतो. म्हाताऱ्या माणसाचा सूर ओळीच्या शेवटी श्वासात विरतो, 'स' आणि 'ह' हलके पडतात. रिडक्शनचा (किती दाबायचं त्याचा) आकडा मोठा ठेवला की पंख्याबरोबर तेही जातात.

गाणं सुरू होण्याआधी, जातं थांबलेलं असताना नुसता पंखा ऐकू येतो असा एखादा सेकंद निवडा आणि 'गेट नॉइज प्रोफाइल' दाबा. जातं फिरतानाचा तुकडा अजिबात घेऊ नका. मी अमळनेरात वर्षानुवर्षं रेकॉर्डिंग करतो आणि हे प्रत्येकाला कळकळीनं सांगतो : जात्याची घरघर हा दोष नव्हे. गाण्याची ओळ त्या फेऱ्यावरच बसलेली असते. ती काढली तर आजीनं श्वास कुठे आणि का घेतला, हे तुमच्या नातवंडांना कळणार नाही.

मग पूर्ण गाणं निवडून रिडक्शन ६ डेसिबल ठेवा. १२ च्या वर जाऊच नका. तिथेच 'रेसिड्यू' असा पर्याय आहे. तो निवडून प्रीव्ह्यू ऐकला की जे कापलं जाणार आहे तेवढंच ऐकू येतं. त्यात आजीचा एक जरी शब्द ओळखू आला, तर आकडा खाली आणा. ऐकताना हेडफोन हवेतच. शेवटी 'रेसिड्यू' बदलून 'रिड्यूस' करायला विसरू नका, नाहीतर हाती नुसता पंखा उरेल. थोडा पंखा राहिला तर राहू द्या, कान त्याला लगेच सरावतो.

यानंतर हवा तर कॉम्प्रेसर (मोठ्या आणि हलक्या आवाजातलं अंतर कमी करणारा इफेक्ट), अगदी हलका. तो आधी लावला तर दोन ओळींमधला पंखा वर येतो. सगळ्यात शेवटी नॉर्मलाइझ (सर्वांत मोठा आवाज ठरावीक पातळीवर आणणं), उणे १ डेसिबलवर; शून्य ही वरची मर्यादा, त्यापुढे आवाज फाटतो. फाइल वेव्ह (WAV) म्हणून साठवा. व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आजी अजून गातात, तर पुन्हा रेकॉर्ड करा ना! वैशाखात आपल्याकडे पंखा बंद करणं सोपं नाही, पण एका गाण्यापुरतं जमेल. नाहीच जमलं तर मोबाइल दोन फुटांवरून एका फुटावर आणा. अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो आणि पंखा तेवढाच राहतो. इफेक्टमधून मिळवायचं तेवढं इथे एकही शब्द न गमावता मिळतं.

प्रश्न : कानबाईच्या (खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या) विसर्जनाची मिरवणूक रेकॉर्ड केली, पण ढोल वाजला की आवाज फाटतो. कोणता इफेक्ट लावू?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : एखाद-दुसऱ्या ठोक्याला 'क्लिप फिक्स' (आवाजाच्या लाटेचं कापलं गेलेलं टोक अंदाजानं भरणारा इफेक्ट) लावून पाहा, आधी आवाज थोडा कमी करून घ्या, म्हणजे दुरुस्त झालेल्या टोकांना जागा मिळते. ढोल सलग फाटला असेल तर लाटांची टोकं रेकॉर्ड झालेलीच नाहीत, कोणताही इफेक्ट ती जशीच्या तशी परत आणत नाही. पुढच्या श्रावणात रेकॉर्डिंगची पातळी आधी ढोल वाजवून ठरवा, सर्वांत मोठा ठोका उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी. बायकांची गाणी मग हलकी येतील, ती घरी बसून वाढवता येतात.