फक्त विंडोजसाठी बनवलेले गेम एम वन मॅकबुक एअरवर चालतात का, की मॅक विकून गेमिंग लॅपटॉप घेऊ?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की कळव्याला राहतोस, इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष, ८ जीबीचं एम वन एअर आहे आणि व्हॅलोरंट, जीटीए फाइव्ह आणि विचर थ्री खेळायचेत, मित्र म्हणतायत मॅक विकून टाक. दादा म्हणून विचारलंयस तर सरळ अरेतुरेच करतो.

अजून विकू नकोस. तीनपैकी दोन गेम तुझ्या आहे त्याच मशीनवर चालतात, मी स्वतः सेम मॉडेलवर घणसोलीला घरी बसून खेळलोय. तिसरा, म्हणजे व्हॅलोरंट, चालत नाही, आणि त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नकोस.

व्हॅलोरंटचं आधी सांगतो. त्याच्यासोबत व्हॅनगार्ड नावाचं अँटी-चीट, म्हणजे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर, येतं, ते साधं अ‍ॅप नाहीये, ड्रायव्हर आहे, कॉम्प्युटर चालू होतानाच विंडोजच्या अगदी गाभ्यात जाऊन बसतं आणि तिथून लक्ष ठेवतं. तुझ्या मॅकमध्ये विंडोजचा गाभाच नाही तर ते बसणार कुठे? पॅरलल्समध्ये, म्हणजे मॅकच्या आत व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेला नकली कॉम्प्युटर) करून त्यात विंडोज चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, टाकलं तरी व्हॅनगार्ड ते ओळखतं आणि गेम उघडत नाही. यूट्यूबवर जे मॅकवर चालवून दाखवतात ते बहुतेक जुने इंटेलवाले मॅक असतात, त्यात अ‍ॅपलच्याच बूट कॅम्पने खरोखरचं विंडोज टाकता यायचं, २००६ पासून होती ती सोय. नोव्हेंबर २०२० ला एम वन आला तेव्हा प्रोसेसरच बदलला आणि बूट कॅम्प त्यावर नाहीच.

हे मी एवढं जोर देऊन सांगतोय कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. ठाणे स्टेशनजवळच्या एका रिपेअरिंगच्या दुकानात मी विचारायला गेलो तर तो म्हणाला हो देतो ना विंडोज टाकून, दीड हजार घेतले, तीन दिवस लॅपटॉप ठेवून घेतला आणि परत दिला तेव्हा आत कुठूनतरी उचललेलं क्रॅक व्हर्च्युअल मशीन होतं, गेम सोड साधं ब्राउझर उघडायला मिनिट लागायचं आणि माझी ५० जीबी जागा गेली ती वेगळीच. माझं ऑफिसचं काम होतं त्या लॅपटॉपवर, फोटो होते सगळे. तेव्हा बूट कॅम्प टाकून देतो असं एम वनसाठी कुणी म्हणालं की तिथून निघायचं.

आता पॅरलल्स. वाईट सॉफ्टवेअर नाहीये, विंडोज ११ चं एआरएम (एम वनसारख्या चिपसाठीचं) व्हर्जन त्यात अधिकृतपणे चालतं, मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये त्याला मान्यता दिलीये, कॉलेजचं एखादं विंडोजवालं सॉफ्टवेअर असेल तर उत्तम. पण गेमसाठी ८ जीबीत म्हणजे वन रूम किचनमध्ये पोटभाडेकरू ठेवल्यासारखं आहे, अख्खं दुसरं विंडोज आत राहणार, त्याला अर्धी रॅम द्यायची, उरलेल्यात मॅकने राहायचं, आणि एम वनमध्ये ग्राफिक्सची मेमरी पण त्याच ८ जीबीतून जाते हे विसरू नको. शिवाय डायरेक्टएक्स, म्हणजे विंडोजवर गेमची चित्रं काढणारी यंत्रणा, तिच्या १२ व्या व्हर्जनचे गेम त्यात चालत नाहीत.

तुझ्या कामाचं आहे ते क्रॉसओव्हर. ते वाइनवर उभं आहे, आणि वाइन हा १९९३ पासून चालू असलेला ओपन सोर्स प्रोजेक्ट आहे. त्यात विंडोज आणायचंच नाही, फक्त गेमला वाटलं पाहिजे की आपण विंडोजमध्ये आहोत. गेम म्हणतो मला फाइल उघडून दे, वाइन ते मॅकला मॅकच्या भाषेत सांगतं. गेम इंटेल प्रोसेसरसाठी लिहिलेला असतो, ते मॅकमधलं रोझेटा टू एम वनसाठी बदलून देतं. आणि चित्रं काढायला गेम डायरेक्टएक्स वापरतो, ते अ‍ॅपलच्या मेटलमध्ये बदलायला डीथ्रीडीमेटल, जे अ‍ॅपलने जून २०२३ ला गेम पोर्टिंग टूलकिटमधून आणलं. असे तीन दुभाषे मध्ये बसलेत आणि तरी गेम पळतो, मला अजूनही पहिल्यांदा विचर थ्रीचा मेनू उघडला ती रात्र आठवते, मी बायकोला झोपेतून उठवून दाखवला होता.

हेच काम फुकटात करणारं व्हिस्की नावाचं अ‍ॅप होतं, छान होतं, पण २०२५ मध्ये बनवणाऱ्यानेच काम थांबवलं, त्यामुळे जुन्या व्हिडिओत बघून ते टाकत बसू नको. क्रॉसओव्हरला पैसे पडतात पण १४ दिवस फुल ट्रायल आहे आणि विद्यार्थ्याने आधी तेच वापरावं.

करायचं असं की क्रॉसओव्हरमध्ये नवी बॉटल बनव, बॉटल म्हणजे त्या गेमपुरता वेगळा सी ड्राइव्ह, बिघडली तर ती एक डिलीट करायची, मॅकला काही होत नाही. त्यात स्टीमचं, म्हणजे गेम विकत घ्यायच्या ऑनलाइन दुकानाचं, विंडोजवालं व्हर्जन टाक, मॅकवालं नाही, इथे खूप जण चुकतात आणि मग इन्स्टॉलचं बटणच दिसत नाही म्हणतात. विचर थ्री चालू करताना डायरेक्टएक्स ११ की १२ विचारतो, ११ निवड. २०२२ च्या डिसेंबरला मोठा अपडेट आला त्यात १२ आणि रे ट्रेसिंग वगैरे आलं पण ८ जीबीला ते झेपत नाही. रिझोल्यूशन १४४० बाय ९००, सेटिंग मीडियम, केस आणि सावल्या कमी, आणि फ्रेम रेट ३० वर लॉक कर. ६० च्या मागे लागू नको कारण एअरमध्ये पंखाच नाहीये, मे महिन्यात आपल्याकडे अर्ध्या तासात बूड तापतं आणि मग ६० चे ३५, ३५ चे ५०, असं खालीवर होत राहतं, त्यापेक्षा सलग ३० डोळ्याला कितीतरी बरं वाटतं. पहिला तासभर मध्ये मध्ये अडकेल, तेव्हा शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात, घाबरून सेटिंग बदलत बसू नको. आणि क्रोम बंद ठेव, खरंच बंद.

जीटीए फाइव्हचं जुनं लेगसी व्हर्जन घे, नवं एन्हान्स्ड नको. स्टोरी मोड खेळता येतो, ऑनलाइन नाही, कारण सप्टेंबर २०२४ पासून ऑनलाइनला बॅटलआय नावाचं अँटी-चीट लागतं. स्टोरीसाठी लाँचरच्या सेटिंगमध्ये बॅटलआय बंद करायचं. लाँचर कधीकधी नखरे करतो, दोनदा चालू करावा लागतो.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनापासून मॅकने ३२ बिट अ‍ॅप बंद केले, त्यामुळे पोर्टल टूसारख्या जुन्या गेमचं खुद्द मॅकचं व्हर्जन आता तुझ्याकडे उघडत नाही, पण त्याचंच विंडोजवालं व्हर्जन क्रॉसओव्हरमध्ये मस्त पळतं. हे जुने गेम सेलमध्ये वडापावच्या भावात मिळतात आणि एम वनला त्यांचं काहीच ओझं नाही. सुरुवात खरंतर तिथूनच कर.

कुठलाही गेम घेण्याआधी क्रॉसओव्हरच्या साइटवर त्याचं रेटिंग बघ. तरी नाही चालला तर स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मिळतात, मी दोनदा घेतलेत. आणि मॅकओएसचं मोठं अपडेट आलं की लगेच टाकू नको, क्रॉसओव्हरचं नवं व्हर्जन येऊ दे. पुढचं बोलायचं तर अ‍ॅपलने सांगितलंय की पूर्ण रोझेटा मॅकओएस २७ पर्यंत राहील, त्यानंतर फक्त जुन्या गेमसाठी लागेल तेवढा भाग ठेवणार, म्हणजे तुझं डिग्रीचं शिक्षण होईपर्यंत तरी मला काळजी वाटत नाही.

राहिला व्हॅलोरंट. मित्रांसोबतच खेळायचा असेल तर शनिवारी दोन तास गेमिंग कॅफेत जा. रोज रात्री तोच खेळायचा असेल, बाकी दोन फक्त तोंडी लावायला असतील, तर मात्र विंडोज लॅपटॉपच घे, त्याला दुसरा रस्ता नाही.

आणि ट्रायल आज रात्री सुरू करू नकोस. ते १४ दिवस पहिल्यांदा उघडलं की लगेच मोजायला लागतात, तुझी सबमिशन आणि परीक्षा आटोपली की त्या दिवशी संध्याकाळी उघड, तोपर्यंत स्टीमवर अकाउंट काढून डिस्कवर गेमला लागेल तेवढी जागा मोकळी करून ठेव.